छत्तीस खडे

एक्केचाळिसाव्या दिवशी दुपारी विहिरीच्या तळातून मुलाची हाक आली, "ओल लागली!"

कप्पीवरचा दोर धरून उभ्या असलेल्या सुनेनं काठावरून वाकून पाहिलं. खाली नवऱ्याचं डोकं तेवढं दिसत होतं, मुरमाच्या धुळीनं पांढरं झालेलं. घमेलं वर ओढलं तेव्हा त्यात नेहमीचा कोरडा मुरूम होताच, पण वर मूठभर काळपट चिखल ठेवलेला होता. सासूनं तो चिमटीत घेतला, नाकाशी नेला आणि आपल्या नवऱ्याच्या, मापाड्याच्या, तळहातावर ठेवला.

म्हाताऱ्यानं मूठ मिटून घेतली. सहा वर्षं दोन भांडी पाण्यासाठी गावच्या विहिरीवर जाऊन उभं राहणारी बायको त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्याकडे बघायचं त्याला धैर्य होईना, कारण डोळ्यांत पाणी आलं असतं. तो नुसता म्हणाला, "थंड आहे."

मापाडी म्हणजे बाजारात धान्य मापणारा नव्हे. हा रान मापायचा. शंभर फुटी दोरी, दर दहा फुटांवर गाठ, पन्नासाव्या फुटावर लाल चिंधी. मापायच्या आदल्या दिवशी तो ती झाडाला बांधून खाली दगड लटकवून ठेवायचा, म्हणजे तिचा काय ताण असेल तो आधीच निघून जाई. गावात वाटणी झाली, बांध सरकला, विहीर काढायची झाली की मापाडी पाहिजेच, आणि त्याचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बापाकडून त्याला दोरी मिळाली होती आणि दोरीबरोबर दोन गोष्टी. ओल्या दोरीनं मापायचं नाही. आणि दुसऱ्याच्या रानावर दोरी टाकायची नाही, पीक उभं असो की रान मोकळं असो. बांधाबांधानं जायचं. रानावर दोरी पडली की मालकाला वाटतं हा आपली जमीन कापायला आला, आणि मग डोकी फुटतात. ही गोष्ट बापानं स्वतःच्या कपाळावरची खूण दाखवून सांगितली होती.

गावच्या पिण्याच्या विहिरीचं पाणी बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा फार खाली गेलं. तेव्हा जाणत्या माणसांनी बसून ठरवलं होतं, या विहिरीपासून सहाशे फुटांच्या आत कोणी नवी विहीर काढायची नाही. त्यानंतर गावात पाच विहिरी निघाल्या. पाचही मापाड्यानं मापल्या आणि पास केल्या. ही सहावी त्याची स्वतःची. चुलतभावाच्या रानाच्या बांधानं तीन दोऱ्या पूर्वेला, कोपऱ्यावरच्या झाडाशी वळायचं, तिथून चार दोऱ्या उत्तरेला. सातशे फूट. स्वतःचं काम म्हणून त्यानं ते दोनदा मापलं होतं.

त्याच दुपारी मोजणीच्या बाई आल्या.

पिण्याची विहीर वर्षागणिक खाली चाललीय म्हणून गावानंच अर्ज केला होता, त्या अर्जावर दीड वर्षानं ही बाई आली. वयानं सुनेएवढीच. पायात जाड बूट, खांद्याला पिशवी, हातात चौकटी आखलेला मोठा कागद. सकाळपासून ती एकेक विहीर कागदावर लावत फिरत होती आणि शेवटी मापाड्याच्या ढिगाऱ्यापाशी येऊन टेकली. सासूनं तिला पाणी दिलं. तिनं ते अर्धंच प्यायलं आणि उरलेलं न सांडता भांडं नीट बाजूला ठेवलं, हे सासूला फार आवडलं.

"आजोबा, ही विहीर कुठं येते ते जरा सांगता?"

"सांगतो की. गावच्या विहिरीपासून तीन दोऱ्या पूर्वेला, चार उत्तरेला."

बाईंनी कागद ढिगावर पसरला. एक चौकट म्हणजे शंभर फूट. खालच्या कोपऱ्यात गावची विहीर होती. तिनं बोटानं तीन चौकटी आडव्या मोजल्या, चार उभ्या मोजल्या, ठिपका दिला आणि म्हणाली, "तुमचं माप एकदम बरोबर आहे. माझ्या यंत्रावर पण हेच आलंय."

मापाड्याची छाती फुगली. तिथंच गप्प बसला असता तर बरं होतं. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. तो म्हणाला, "मग लिहा. सातशे फूट."

"सातशे?" बाईंनी पट्टी काढली आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत तिरकी लावली. "पाचशे, आजोबा."

"तीन आणि चार पाच होतात का, बाई?"

"चाललात तर सात होतात. पण अंतर पाच आहे."

"माझी दोरी खोटी?"

"दोरी खरी आहे. ती वळून आली." बाईंचा आवाज मऊ झाला. त्यांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं, कप्पीकडे पाहिलं, सुनेच्या तळहातांना गुंडाळलेल्या चिंध्यांकडे पाहिलं. "मी इथलं काही ठरवत नाही. सहाशेचा नियम तुमच्या गावाचा. कसं मोजायचं ते गावानंच ठरवायचं. परवा सकाळी मी विहिरीवर येते, सगळ्यांना कागद दाखवते. तेव्हा ठरवा."

बाई गेल्यावर मापाडी बराच वेळ कागदालाच नावं ठेवत राहिला. कागद सपाट, जमीन उंचसखल. कागदावर झाड नाही, बांध नाही. कागदावर काय, पट्टी कशीही ठेवा. सून ऐकत होती. ती दहावीपर्यंत शिकलेली होती आणि हे गणित तिच्या तोंडपाठ होतं, पण सासऱ्याला तोंडावर चूक म्हणायचं तर घरात राहायचं कसं? संध्याकाळी तिनं अंगण झाडलं, काडीनं चौकटी आखल्या आणि ढिगातले सुपारीएवढे खडे वेचून आणले.

"मामंजी, जरा बसता? मला एक मोजून बघायचंय. माझं चुकत असेल तर सांगा."

चुकत असेल तर सांगा म्हटल्यावर तो बसला.

तिनं तीन ओळींत तीन-तीन खडे मांडले. "हे पूर्वेचे. नऊ." मग चार ओळींत चार-चार. "हे उत्तरेचे. सोळा. आता हे सगळे एकत्र करून एकच चौकोन करायचा. तुम्हीच करा."

म्हातारा खडे मांडू लागला. पाचाची एक ओळ झाली, दुसरी झाली. पाच ओळी भरल्या आणि हात रिकामा झाला. एक खडा उरला नाही, एक कमी पडला नाही.

"बाजू किती झाली?"

"पाच," तो म्हणाला. मग ताडकन म्हणाला, "खड्यांचा खेळ आहे हा. जमिनीवर दाखव."

"जमिनीवर दोरी तुमची आहे," सून म्हणाली.

मुलगा उंबऱ्यावर बसून पायाला तेल चोळत होता. टिकावाच्या दांड्यानं त्याच्या तळहातांची सालटं निघाली होती. तो म्हणाला, "कशाला उकरून काढताय? आधीच खणून खणून मेलोय. बाईनं सांगितलं ना गाव ठरवेल म्हणून? गाव तुम्हालाच विचारणार. तुम्ही म्हणा बांधानं. बारा वर्षं बांधानंच मापतोय, त्यात काय चोरी आहे?"

"चोरी नाही," मापाडी म्हणाला, आणि झाडाला दोरी बांधून खाली दगड लटकवायला उठला.

दोरी सरळ न्यायची तर चुलतभावाच्या रानावरून न्यायला हवी होती. या दोघांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं; चुलतभावाची विहीर मापली तीही गावाच्या सांगण्यावरून, मुक्यानंच. बांधावरच्या दुसऱ्याच एका झाडावरून बिनसलं होतं. ते झाड कधीच वाळून गेलं, भांडण मात्र हिरवंगार होतं. सकाळी मापाडी त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. चुलतभाऊ दात घासत होता. त्यानं मुद्दाम सावकाश चूळ भरली, एकदा, दोनदा, तीनदा. म्हातारा दोरी खांद्यावर घेऊन तसाच उभा होता.

"रानावरून दोरी टाकायचीय. परवानगी मागायला आलो."

"तू? माझ्या रानावर?"

"मोजून बघायचंय. हद्दीचं काही नाही."

"कागद खोटा म्हणतोस असं ऐकलं. नाचता येईना अंगण वाकडं." चुलतभाऊ हसला. मग म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याचं हसणं विझलं. तो म्हणाला, "टाक. माझं रान काही तुझ्या दोरीनं झिजत नाही. थांब, दुसरं टोक कोण धरणार? सून? धसकटांनी पाय फाटतील तिचे. आण इकडे."

असे ते दोघे म्हातारे गावच्या विहिरीपासून निघाले. कापणी झालेली होती, धसकटं टोचत होती, ढेकळांत पाय मुरगळत होते. मापाड्यानं काठावर उभं राहून आपल्या कप्पीच्या लाकडांवर नेम धरला आणि दोरी ताणली. एक. खुंटी ठोकली. दोन. रानाच्या मधोमध उभा राहिल्यावर त्याला बापाची आठवण झाली आणि उगाचच कपाळ खाजलं. तीन. चार. पाचव्या दोरीची शेवटची गाठ कुठं येते ते त्याला बघायचं नव्हतं, पण चुलतभावानं हाक मारली, "अरे, बघ इकडे." गाठ विहिरीच्या काठावर पडली होती, हातभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

आयुष्यात इतकं अचूक माप त्याचं कधी आलं नव्हतं, आणि इतकी शरमही कधी वाटली नव्हती.

तो ढिगावर बसला. चुलतभाऊ शेजारी बसला. खालून टिकावाचा आवाज येत होता.

"तुझी एकच नाही," चुलतभाऊ हळूच म्हणाला. "तू बाकीच्या पण अशाच मापल्यास. माझी सुद्धा."

हे त्याला कळलं नव्हतं असं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यापासून त्याच विहिरी डोळ्यांपुढं येत होत्या. कोणी तोंडानं म्हटलं नव्हतं इतकंच. तो घरी गेला आणि सुनेला म्हणाला, "खडे काढ."

सहाशे फुटांना किती खडे, हे त्यानं आता स्वतःच काढलं. सहा ओळींत सहा-सहा, छत्तीस. छत्तीस भरले तर विहीर नियमात, कमी पडले तर आत. तो डोळे मिटून एकेक विहीर आठवत गेला. बांधावरची प्रत्येक दोरी त्याला तोंडपाठ होती. गिरणीवाला: पाच पूर्वेला, दोन उत्तरेला. पंचवीस आणि चार, एकोणतीस. सात कमी. सुतार: चार आणि तीन. पंचवीस. अकरा कमी. मास्तर: पाच पश्चिमेला, तीन उत्तरेला. चौतीस. दोनच कमी, पण कमीच. चुलतभाऊ: सहा आणि एक. सदतीस. भरले, वर एक उरला. पाचवी विहीर पार सात दोऱ्या सरळ दक्षिणेला होती, तिला वळणच नव्हतं. सहापैकी चार आत.

"बारा वर्षं लोक म्हणतायत पाणी खाली चाललंय," तो म्हणाला. "मीच तीन तोंडं लावून दिली त्या विहिरीला, आणि आता हे चौथं."

सासू इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, मुद्दाम केलंत का?"

"मुद्दाम केलं असतं तर निदान आपली तरी बरोबर आली असती."

त्या घरात दोन दिवसांत कोणी हसलं असेल तर एवढंच.

सुनेनं मग आणखी एक मांडणी केली. आपल्या रानाचा वरचा कोपरा: चार पूर्वेला, पाच उत्तरेला. सोळा आणि पंचवीस, एक्केचाळीस. छत्तीस भरून पाच वर. मापाड्यानं मान हलवली. तो कोपरा म्हणजे नुसता खडक होता. तिथं नांगर कधी लागला नव्हता, शेळीसुद्धा तिथं बसायला जायची, चरायला नाही.

बैठकीच्या दिवशी उजाडताच मुलगा धावत आला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. "बाबा, या! लवकर या!"

चौघंही काठावर गेली. पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर पाणी चमकत होतं. रातोरात आलं होतं. सासूनं तोंडावर पदर घेतला आणि ती रडायला लागली, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मुलानं बापाचा दंड धरला.

"बघितलंत? गुडघाभर आहे. आता तरी ऐका. तुम्ही फक्त म्हणा, आमच्यात बांधानंच मापतात. एवढंच. कोणाचं काही जात नाही."

तेवढ्यात सुनेच्या लक्षात आलं की पिण्याचं पाणी आणायचं राहिलंय, ती भांडं घेऊन गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. भांडं अर्धंच भरलं होतं, आणि गढूळ.

"दोर पुरेना. मागच्या बाईचा दोर जोडून घेतला तेव्हा बादली टेकली," ती म्हणाली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. आपल्या नव्या विहिरीनं ते ओढलं की उन्हानं, कोण सांगणार? तिनं भांडं पाणी निवळायला ओट्यावर ठेवलं.

गावच्या विहिरीवर माणसं जमली होती. मोजणीच्या बाईंनी काठावर कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. गिरणीवाला लगेच उसळला. "कागदावर कोण राहतं हो? आमच्या पायाखाली बांध आहे. सहाशे फूट म्हणजे मापाड्याचे सहाशे फूट!" सुतारानं मान डोलावली. मास्तर गप्प होते. त्यांना गणित येत होतं, म्हणून ते जास्तच गप्प होते. जाणत्यांपैकी सगळ्यात थोरल्यानं हात वर केला.

"भांडू नका. नियम केला तेव्हा मोजायचं काम आपण ज्याच्यावर सोपवलं तो इथं आहे. मापाड्या, तू सांग. बांधानं की सरळ?"

गिरणीवाल्यानं त्याच्याकडे पाहून डोळ्यानंच खूण केली. मुलगा मागं उभा होता, पँट अजून ओलीच. मापाडी सावकाश पुढं झाला. खांद्यावरची दोरी काढून त्यानं तिच्या टोकाला दगड बांधला आणि ती गावच्या विहिरीत सोडली. गाठी एकेक काठावरून खाली जाऊ लागल्या. लाल चिंधी गेली. लोक बघत राहिले. दगड पाण्याला लागल्याचं हाताला कळलं तेव्हा आणखी एक गाठ खाली गेली होती.

"नियम केला त्या दिवशी मी अशीच दोरी सोडली होती," तो म्हणाला. "तीन गाठींवर पाणी होतं. आज सहा." तो दोरी वर ओढू लागला. "मी माणसासारखं मापलं. माणूस बांधानं जातो, कारण रान दुसऱ्याचं असतं. पाणी बांधानं जात नाही. सरळ मापा. चार विहिरी आत येतात, त्यातली एक माझी. चूक माझी आहे, तेव्हा माझी आज बुजते. बाकीच्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण माझी आधी बुजू द्या."

"तुझं डोकं फिरलंय!" गिरणीवाला ओरडला. मापाडी दोरी गुंडाळत होता. ओली दोरी पुन्हा मापाला चालणार नव्हती, ती आता वाळवून, ताणून, नव्यानं करायला लागणार होती. बाईंनी कागदाची घडी घातली आणि जाता जाता खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला. त्यामुळं तो आणखीच अवघडला.

मुलगा बापाच्या मागोमाग घरी आला. ढिगाऱ्यापाशी आल्यावर मापाड्यानं फावडं उचललं, घमेलं भरलं आणि उचलायला वाकला. बेचाळीस दिवसांची माती होती, भरलेलं घमेलं त्याच्या गुडघ्यांना पेलेना. दुसऱ्यांदा वाकला तरी ते जागचं हललं नाही.

"सरका," मुलगा म्हणाला.

"तू नको. तुझ्या हातानं खणलीस."

"म्हणून तर." त्याचे डोळे लाल झाले होते. त्यानं घमेलं बापाच्या हाताखालून ओढून घेतलं, खांद्यावर घेतलं, काठावर गेला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मग ओतलं. खाली पाण्यावर माती पडल्याचा आवाज झाला. सासू आत निघून गेली.

सुनेनं दुसरं घमेलं भरून दिलं. मुलगा ओतत राहिला. थोड्या वेळानं बांधाच्या पलीकडून चुलतभाऊ आपलं फावडं घेऊन आला आणि कोणाला काही न विचारता ढिगाच्या दुसऱ्या बाजूनं भरू लागला. दुपारपर्यंत खालचा आवाज बदलला. पाण्यावर माती पडत होती, ती आता मातीवर माती पडू लागली.

तेव्हा मुलगा थांबला. घाम पुसत त्यानं रानाच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथं नुसता खडक होता.

"किती उरतात म्हणालीस तिथं?" त्यानं बायकोला विचारलं.

"पाच."

"पहार लागेल," तो म्हणाला, आणि पुढचं घमेलं उचललं.